दादासाहेब फाळके : पडद्यावरील प्रोफेसर केळफा

धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाचे निर्माते म्हणून ते आपणांस परिचित आहेत. त्यांच्या लघुपटांचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः त्यांचा आरंभच लघुपटाने झाला. कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी दिवसेंदिवस थोडी थोडी टिपली आणि त्या इवल्याशा पटाच्या बळावर भांडवल मिळवले.

१९१३ मध्ये त्यांनी आपली संस्था नाशिकला आणली. येथे पौराणिक कथापटांच्या जोडीने लघुपटही तयार होत. एकात आगकाड्या सजीव होऊन हालत. दुसऱ्यात स्वतः फाळके जादूगार म्हणून अवतरत. चित्रपटांकडे वळण्यापूर्वी ते 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करीत. 'फाळके' या आडनावातील अक्षरांचा क्रम उलटा केला की हे नाव सिद्ध होते. त्यांच्या पौराणिक चित्रपटांतील चमत्कारांमागे हाच जादूगार उभा आहे, असे मला वाटते.

बोलपटांच्या युगात फाळके मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे बहुतेक चित्रपट आज नष्ट झाले आहेत. चित्रपटनिर्मितीची प्रक्रिया दाखविणाऱ्या त्यांच्या एका लघुपटाचे काही अंश मात्र उरले आहेत. त्यांत फाळके नटांना तालीम देताना आणि चित्रफीत निरखताना दिसतात.