बंद दारापुढे तीस वर्षे : कॉर्नेलिया सोराबजी

मुलगी शिकली की तिला सगळ्या वाटा मोकळ्या होतात, असे आपण सहज बोलून जातो. शाळांच्या पारितोषिक समारंभात आम्हीही असे अनेकदा बोललो आहोत. परंतु शिक्षणाचे दार उघडणे ही एक गोष्ट आहे आणि कामाचे दार उघडणे ही दुसरी. या दोन दारांमधील अंतर किती लांब असू शकते, हे ज्यांच्या आयुष्यातून स्पष्ट दिसते, त्या आपल्याच महाराष्ट्रात जन्मलेल्या एका ख्रिस्ती विदुषीचे आज आम्ही स्मरण करीत आहोत.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील सोराबजी खरसेटजी हे पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले प्रॉटेस्टंट मिशनरी. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढल्या व चालविल्या. या घरात मुलींच्या शिक्षणाबाबत हात आखडता घेण्याची रीत नव्हती. कॉर्नेलियांची एक बहीण, ॲलिस, पुढे डॉक्टर झाली. दुसरी, सुसी, हिने पुण्यातील सेंट हेलेना शाळेची स्थापना केली.

कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाल्या, तेव्हा तेथे शिकणारी दुसरी मुलगी नव्हती. काही विद्यार्थी वर्गाचे दार त्यांच्या तोंडावर लावून घेत. तरीही त्या प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. या यशामुळे इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी असलेली सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. ती नाकारण्यात आली. गुणांत काही उणे नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण पुरेसे ठरले.

त्यांनी काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना शिकविले. पुढे लेडी मेरी हॉबहाउस, फ्लॉरेन्स नाइटिंगेल आदी इंग्लंडमधील हितचिंतकांनी निधी उभारला आणि १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. तेथे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. १८९२ साली कायद्याच्या पदवी परीक्षेस बसण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला, कारण त्यापूर्वी कोणत्याही स्त्रीने ती परीक्षा दिलेली नव्हती. श्रेणी तिसरी मिळाली, परंतु त्या उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र मिळाली नाही. ऑक्सफर्डमध्ये स्त्रियांना परीक्षा देता येत असे, पदवी घेता येत नसे. कॉर्नेलियांच्या हाती ती पदवी पडली १९२२ साली. पेपर लिहून तीस वर्षे उलटून गेली होती.

भारतात परतल्यावर हाच अनुभव नव्या रूपात समोर आला. १८९६ साली पुण्यात खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीच्या बचावासाठी त्या न्यायालयात उभ्या राहिल्या. परंतु ती त्या खटल्यापुरती सवलत होती. वकील म्हणून त्यांची नोंद कोठेही नव्हती. १८९७ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. परीक्षा दिली. १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या. तरी सनद मिळाली नाही. त्याच अलाहाबादमध्ये त्यांचा भाऊ बॅरिस्टर म्हणून काम करीत होता. एकाच घरात वाढलेली, कायदाच शिकलेली ही दोन भावंडे. एकाला न्यायालयात मानाची जागा होती आणि दुसरीला परीक्षांमागून परीक्षा देऊनही उंबरठा ओलांडता येत नव्हता.

या ठिकाणी अनेकांनी हार मानली असती. कॉर्नेलियांनी मात्र आपल्या विद्येची निकड कोणाला आहे, याचा शोध घेतला. संस्थानिक आणि जमीनदार घराण्यांतील पडदानशीन स्त्रियांना परपुरुषाशी बोलण्यास मनाई होती आणि वकील तर सगळेच पुरुष होते. पती निधन पावला की विधवेच्या नावे मोठी जहागीर असे, परंतु कागदावर काय लिहिले आहे हे तिला सांगणारे कोणी नसे. कारभारी आणि भाऊबंद सांगतील तेथे तिचा शिक्का उमटे. अशा स्त्रियांसाठी सरकारने एक स्त्री कायदेसल्लागार नेमावी, म्हणून कॉर्नेलियांनी १९०२ पासून पाठपुरावा केला. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढे बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम एवढा विस्तीर्ण मुलूख त्यांच्याकडे आला.

पालखीतून, होडीतून, कधी हत्तीवरून प्रवास करीत त्या अंतःपुरांपर्यंत पोहोचत. अडलेला पोटगीचा पैसा, दत्तकविधानाचे वाद, अल्पवयीन वारसाचे शिक्षण, जिवाला असलेला धोका, अशी सर्व गाऱ्हाणी ऐकून त्या अहवाल लिहीत. सुमारे वीस वर्षांत त्यांनी ६०० हून अधिक स्त्रियांना व अनाथ मुलांना साहाय्य केले, असे मानले जाते. १९०९ साली त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक देण्यात आले. असे असूनही त्यांच्या हाती होता तो केवळ सल्ला; निर्णय पुरुष अधिकाऱ्यांच्या हाती राहिला. जबाबदारी पूर्ण आणि अधिकार अर्धा, ही नोकरी करणाऱ्या अनेक भगिनींच्या ओळखीची स्थिती त्यांनीही भोगली.

अखेर काळ बदलला. १९१९ साली ब्रिटनमध्ये स्त्रियांवरील व्यवसायबंदी उठविणारा कायदा झाला. १९२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलियांना वकील म्हणून नोंदवून घेतले आणि १९२३ च्या कायद्याने भारतात स्त्रियांना वकिलीचा हक्क मिळाला. लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन १९२४ साली त्या कलकत्ता उच्च न्यायालयात रुजू झाल्या, तेव्हा त्यांचे वय ५७ वर्षांचे होते. दार उघडले, तरी आतील वातावरण तेच होते. त्यांच्या वाट्याला युक्तिवादापेक्षा कागदोपत्री मते लिहून देण्याचेच काम अधिक आले. १९२९ साली निवृत्त होऊन त्या लंडनला गेल्या. तेथेच ६ जुलै १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे सर्वच विचार आपल्याला पटण्यासारखे नाहीत. त्या ब्रिटिश राजवटीच्या समर्थक होत्या, गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. १९२७ सालच्या कॅथरीन मेयो यांच्या 'मदर इंडिया' या पुस्तकाची पाठराखण केल्यामुळे त्या स्वदेशात अप्रिय झाल्या. स्वातंत्र्योत्तर भारत त्यांना बराच काळ विसरला, त्यामागे हेही एक कारण होते. मते बाजूला ठेवून आम्ही त्यांच्या श्रमांकडे पाहतो, तेव्हा मान आपोआप लवते.

त्यांच्यानंतरही वाट संथच राहिली. १९२४ साली कॉर्नेलिया कलकत्त्याच्या न्यायालयात उभ्या राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाला न्या. फातिमा बीवी यांच्या रूपाने पहिली महिला न्यायाधीश मिळाली ती १९८९ साली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा तर २०१३ साली आला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे त्यानुसार बंधनकारक आहे.

वाचकहो, आपल्या शाळा, रुग्णालये आणि संस्था मोठ्या प्रमाणात स्त्रियांच्या श्रमांवर उभ्या आहेत. शिक्षिका, परिचारिका, कार्यालयात काम करणाऱ्या भगिनी आणि धर्मभगिनी यांच्यावाचून त्यांचे एक दिवसही चालणार नाही. त्यांना कामाइतके वेतन मिळते का, त्यांची तक्रार ऐकणारी समिती खरोखर अस्तित्वात आहे का, निर्णयाच्या बैठकीत त्यांची खुर्ची असते का? हे प्रश्न आम्ही इतरांना विचारण्यापूर्वी स्वतःला विचारीत आहोत. कॉर्नेलियांना सल्ला विचारला गेला, पण निर्णयात स्थान मिळाले नाही. आपल्या संस्थांत आज काय चालते, ते प्रत्येकाने आपापल्या कार्यालयात डोकावून पाहावे.