शाळेत मगर नेणारी मुलगी, जिने लंडनच्या थंडीत सापांना ऊब दिली!

गणिताचा तास सुरू आहे आणि एका मुलीने चक्क मगरीचं पिल्लू वर्गात आणलंय! लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये हा प्रकार घडला होता. त्या मुलीचं नाव जोन प्रॉक्टर.

१८९७ साली जन्मलेल्या जोनला लहानपणापासून पोटाचं जुनाट दुखणं होतं. त्यामुळे केंब्रिजला शिकायचं स्वप्न अपुरं राहिलं. पण घरी सरडे, साप पाळता पाळता तिने स्वतःच अभ्यास सुरू ठेवला. ब्रिटिश म्युझियममधले जॉर्ज बुलेंजर यांनी तिला हाताखाली घेतलं आणि तरुण वयातच तिचा पहिला शोधनिबंध झुऑलॉजिकल सोसायटीसमोर आला. १९२३ मध्ये लंडन झूमधल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची जबाबदारी तिच्याकडे आली.

आता खरी अडचण समजून घ्या. साप, सरडे, बेडूक यांचं शरीर स्वतःची उष्णता टिकवून ठेवत नाही. थंडी वाढली की ते मंदावतात, खाल्लेलं पचत नाही, आजारी पडतात. मग सगळीकडे सारखी ऊब केली तर? तेही घातक! कारण हे प्राणी ऊन आणि सावलीत ये-जा करूनच शरीराचं तापमान सांभाळतात.

जोनने हेच ओळखलं. १९२७ मध्ये उघडलेल्या रेप्टाइल हाऊसचा आराखडा तिने आखला. त्यात विजेवर चालणारी अशी व्यवस्था होती, की ऊब प्राण्याच्या गरजेप्रमाणे कमी-जास्त देता यायची. साध्या काचेतून हाडांना आवश्यक असलेले अतिनील किरण आत येत नाहीत, म्हणून ते आत येऊ देणारी खास काच बसवली. बघणाऱ्यांच्या बाजूला अंधार आणि पिंजऱ्यात उजेड, त्यामुळे प्राणी स्पष्ट दिसायचे.

त्याच वर्षी कोमोडो ड्रॅगन लंडनमध्ये आले. त्यातला सुंबावा जोनला इतका सरावला, की १९२८ मध्ये तिने त्याला सोसायटीच्या सभेतच आणलं आणि हाताने खाऊ घातलं! पुढे दुखणं बळावलं, तेव्हा ती व्हीलचेअरवरून प्राणिसंग्रहालयात फिरायची आणि सोबत सुंबावा असायचा.

१९३१ मध्ये शिकागो विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, अवघ्या ३४व्या वर्षी, तिने जगाचा निरोप घेतला.

आज कुणी झाडावरचे बेडूक काचपेटीत पाळतो, तेव्हा एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला गारवा आणि तापमानावर थर्मोस्टॅटचा ताबा ठेवतो. बेडकांना त्याच्या जोडीला ओलावाही लागतो, नाहीतर त्यांची कातडी सुकते. प्राण्याला कुठे बसायचं ते त्याचं त्याला ठरवू द्यावं, हे तत्त्व जोनने शंभर वर्षांपूर्वी विटा, काच आणि विजेच्या तारांतून उभं करून दाखवलं होतं. स्वतःच्या शरीराने साथ दिली नाही, पण इतरांच्या शरीराला काय हवं, हे तिला बरोबर कळत होतं!