कोरेगावचा स्तंभ आणि डॉ. आंबेडकर

पुण्याहून नगरकडे जाणारा रस्ता पेरणे गावाजवळ भीमा ओलांडून शिरूर तालुक्यातील कोरेगावात शिरतो. नदीच्या अलीकडे एक उंच दगडी स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ रोजी येथे पेशव्यांची फौज आणि इंग्रजांची पलटण यांची लढाई झाली. ती पलटण शिरूरच्या छावणीतून रात्रभर चालून आली होती. स्तंभ इंग्रजांच्या पराक्रमाचा खरा. पण त्यावर कोरलेल्या शिपायांच्या नावांत बावीस नावे महारांची आहेत.

१ जानेवारी १९२७ रोजी बॅरिस्टर भीमराव आंबेडकर या स्तंभापाशी आले. जमलेल्या बांधवांना त्यांनी पूर्वजांच्या शौर्याची आठवण दिली. ज्या सरकारसाठी त्या शिपायांनी रक्त सांडले, त्याच सरकारने त्यांच्या वंशजांना लढाईस नालायक ठरविले, या कृतघ्नतेवर त्यांनी नेमके बोट ठेवले.

ही कहाणी त्यांच्या घरातीलच होती. त्यांचे वडील रामजी हे लष्करात सुभेदार व लष्करी शाळेत शिक्षक. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत भीमरावांचा जन्म झाला. पलटणीमुळे या घरात विद्या आली होती. परंतु थोड्याच काळात महारांची भरती बंद पडली. हिंदी लोकांत काही वंश लढाऊ आणि बाकीचे दुबळे, असे इंग्रज अधिकाऱ्यांनी ठरवून टाकले होते. गावाने माणसाची किंमत जातीवरून केली होती. आता सरकारने ती वंशावरून केली. पहिल्या महायुद्धात नड पडताच महारांची पलटण उभारली गेली आणि युद्ध सरताच मोडलीही गेली!

साताऱ्याच्या शाळेत भीमराव गोणपाटावर वेगळे बसत. सयाजीराव महाराजांच्या साहाय्याने ते अमेरिकेत व इंग्लंडात शिकले. १९१७ साली ते बडोद्यास लष्करी सचिव झाले. पण कारकून त्यांच्याकडे कागद दुरून फेकीत, आणि एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना. अखेर त्यांनी बडोदे सोडले.

कोरेगावच्या भेटीनंतर तीन महिन्यांच्या आतच, २० मार्च १९२७ रोजी, त्यांनी हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. लष्कराचा प्रश्नही त्यांनी सोडला नव्हता. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या टोपीचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा कट्यारीने घेतली.

पुढे घटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून घटना अमलात आली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत जात व वंश यांवरून भेद करण्यास मनाई केली. तरी बाबासाहेब निश्चिंत नव्हते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीसमोर त्यांनी स्पष्ट इशारा दिला होता: मताचा हक्क सर्वांना सारखा मिळेल, परंतु समाजातील आणि संपत्तीतील विषमता तशीच राहील, आणि ती फार काळ राहिली तर लोकशाहीच धोक्यात येईल.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.