परक्या भूमीतील वीस वर्षे : बेगम हजरत महल

लखनौच्या दक्षिणेस, रायबरेली रस्त्यालगत, आज वृंदावन योजना नावाची विस्तीर्ण वसाहत उभी आहे. नोकरी, शिक्षण वा उपचार यांच्या निमित्ताने देशाच्या नाना भागांतून आलेली कुटुंबे तेथे स्थिरावली आहेत. शहराच्या याच दक्षिण भागात, कानपूरच्या वाटेवर, आलमबाग आहे. १८५७ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या मार्चपर्यंत जनरल औट्रमची फौज तेथे तळ देऊन होती आणि तिला हुसकावण्यासाठी लखनौहून हल्ल्यामागून हल्ले होत होते. त्या हल्ल्यांमागे जिची प्रेरणा होती, ती राजघराण्यात जन्मलेली नव्हती आणि युद्धाचे शिक्षणही तिला मिळालेले नव्हते. तिचे नाव बेगम हजरत महल. तिच्या शौर्याची कथा पाठ्यपुस्तकांतून परिचित आहे; परंतु त्या शौर्यानंतरची वीस वर्षे तिने परक्या राज्यात आश्रित म्हणून काढली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आश्रय मागणाऱ्याचा हक्क कोणता आणि देणाऱ्याचे कर्तव्य कोणते, हा प्रश्न तिच्या आयुष्याइतका स्पष्टपणे क्वचितच समोर येतो.

बेगमांचा जन्म १८२० च्या सुमारास फैजाबाद येथे एका सामान्य कुटुंबात झाला. मूळ नाव मुहम्मदी खानम. लहान वयातच त्या लखनौच्या राजवाड्यात दासी म्हणून आल्या आणि वाजिद अली शाहांच्या परीखान्यात नृत्य-गायनाचे शिक्षण घेऊ लागल्या. पुढे वाजिद अलींनी त्यांचा स्वीकार केला. १८४५ मध्ये पुत्र बिरजिस कद्र जन्मल्यावर त्यांना हजरत महल हा किताब मिळाला. १८४७ मध्ये वाजिद अली अवधच्या गादीवर बसले. परंतु असंख्य बेगमांच्या त्या जनानखान्यात हजरत महल यांच्याकडे कोणी राज्यकर्ती म्हणून पाहिले असेल, असे वाटत नाही.

१८५६ च्या फेब्रुवारीत कंपनी सरकारने अवध खालसा केले. यासाठी युद्ध झाले नव्हते. १८०१ च्या तहाने अर्धे राज्य कंपनीच्या घशात गेलेच होते. १८३७ च्या तहात, कारभार बिघडल्यास कंपनीने तो तात्पुरता हाती घ्यावा, परंतु राज्य नवाबाचेच राहावे, अशी तरतूद होती. हा तह विलायतेतील संचालकांनी मंजूर केला नव्हता, पण ती गोष्ट दरबाराला स्पष्टपणे कळवलीच गेली नाही. अडचणीच्या वेळी मात्र तो तह अस्तित्वातच नाही, असे सांगण्यात आले. वाजिद अली शाह तक्रार घेऊन कलकत्त्यास गेले आणि तेथेच मटियाबुर्ज येथे अडकून पडले. त्यांच्या वृद्ध मातोश्री मलिका किश्वर थेट लंडनला राणीकडे दाद मागण्यास गेल्या. न्याय मिळाला नाहीच, उलट परतीच्या वाटेवर १८५८ च्या जानेवारीत पॅरिस येथे त्यांचा अंत झाला. दोन राज्यांमधील करार एकाने मोडला तर दुसऱ्याने दाद कोणाकडे मागावी, या प्रश्नाला त्या काळच्या जगात उत्तरच नव्हते.

हजरत महल लखनौतच राहिल्या होत्या. ३० जून १८५७ रोजी चिनहट येथे इंग्रजी फौजेचा पराभव झाला आणि रेसिडेन्सीला वेढा पडला. बंडवाल्या पलटणींना राजा हवा होता. इतर बेगमांनी आपल्या मुलांना पुढे करण्याचे धैर्य दाखवले नाही. हजरत महल यांनी ते दाखवले. जुलैच्या आरंभी सुमारे बारा वर्षांच्या बिरजिस कद्रला गादीवर बसवण्यात आले आणि दिल्लीच्या बादशहाचे वर्चस्व मान्य करून त्याच्या नावाने कारभार सुरू झाला. प्रत्यक्षात सूत्रे बेगमांच्या हाती होती. राजा जयलाल सिंहांसारखे हिंदू सरदार आणि मुसलमान अमीर त्यांच्या दरबारात एकत्र आले. मौलवी अहमदुल्ला शाहांशी त्यांचे मतभेद होते, पैशाची चणचण होती, शिपायांमध्ये शिस्तीचा अभाव होता. तरीही सुमारे आठ महिने अवधच्या राजधानीत त्यांचे राज्य टिकले. या काळाला काळी बाजूही आहे. नोव्हेंबरात कैसरबागेत काही इंग्रज कैद्यांची हत्या झाली. त्या कृत्याचा जाब पुढे अनेकांना द्यावा लागला.

मार्च १८५८ मध्ये सर कॉलिन कॅम्पबेल प्रचंड सैन्यानिशी लखनौवर चालून आला. त्याच्या मदतीला नेपाळचे पंतप्रधान जंगबहादूर राणा स्वतः गुरखा फौज घेऊन आले होते. कैसरबाग पडली आणि लुटली गेली. बेगम मुलासह मुसाबागेत गेल्या, तेथूनही मागे सरल्या आणि घागरा ओलांडून बहराइचकडील बौंडीच्या किल्ल्यात त्यांनी आपला दरबार पुन्हा मांडला.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. शस्त्र खाली ठेवून ठरावीक मुदतीत घरी परतणाऱ्यांना त्यात माफी होती. परंतु इंग्रजांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग घेणाऱ्यांना ती नव्हती. आणि बंडाचे पुढारी, तसेच खुन्यांना जाणूनबुजून आसरा देणारे, यांना केवळ जिवाची हमी होती. बेगमांनी या जाहीरनाम्याला स्वतःचा जाहीरनामा काढून उत्तर दिले. ते उत्तर रागाच्या भरात दिलेले नव्हते. त्यात वकिली युक्तिवादाची धार होती. कंपनीने केलेले सर्व तह आपल्याला मान्य आहेत, असे राणी म्हणत होती. बेगमांचा प्रतिप्रश्न असा, की तह मान्य असतील तर ते मोडून घेतलेला आमचा मुलूख परत का मिळत नाही? पेशव्यांना पुण्याहून काढून बिठूरला कसे डांबले, हे उदाहरणही त्यांनी दिले होते. लखनौच्या बेगमेने आपल्या गाऱ्हाण्यात पेशव्यांचे दुःख नोंदवावे, ही मराठी वाचकाने विसरू नये अशी बाब आहे. माफीच्या शब्दांवर भाबडा विश्वास ठेवू नये, असे त्यांनी प्रजेला बजावले.

परंतु युक्तिवादाच्या मागे आता फौज उरली नव्हती. डिसेंबर १८५८ च्या अखेरीस राप्तीच्या काठी शेवटच्या झुंजी झाल्या आणि उरलेसुरले सैन्य नेपाळच्या तराईत शिरले. नानासाहेब पेशवेही त्याच अरण्यात आले होते. १८५९ हे वर्ष या मंडळींना फार कठीण गेले. तराईचा ताप, उपासमार आणि पावसाळा यांनी हजारोंचा बळी घेतला. पाठीमागे इंग्रज होते आणि समोर इंग्रजांचा मित्र. जंगबहादूरांनी साहाय्याची आशा धरू नये, असे आरंभीच कळवले होते. वर्षाच्या शेवटी त्यांच्याच सैन्याने तराईतील बंडवाल्यांची पांगापांग केली आणि अनेकांना इंग्रजांच्या हवाली केले. लखनौहून लढलेले राजा जयलाल सिंह आधीच, १ ऑक्टोबर १८५९ रोजी, फासावर गेले होते. बेगमांच्या वाट्याला काय येणार, हे सांगण्याची गरज नव्हती.

तरीही जंगबहादूरांनी बेगम आणि बिरजिस कद्र यांना काठमांडूत राहू दिले. पेशव्यांच्या घराण्यातील स्त्रियांनाही नेपाळात आसरा मिळाला. ज्यांच्या फौजेने लखनौ जिंकण्यास हात लावला, त्यांच्याच उंबरठ्यावर लखनौच्या बेगमेला थांबावे लागले, हा दैवाचा विलक्षण खेळ होता. यात केवळ औदार्य होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पेशव्यांचा प्रसिद्ध नौलखा हार जंगबहादूरांकडे गेला, हे सर्वश्रुत आहे. इंग्रजांना केलेल्या मदतीबद्दल १८६० च्या तहाने नेपाळला बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर हा तराईचा मुलूख परत मिळाला. मैत्री टिकवून, मोबदला घेऊनही जंगबहादूरांनी बेगमांना मात्र स्वाधीन केले नाही. कंपनी सरकार आणि नेपाळ यांच्यात १८५५ मध्ये गुन्हेगारांच्या हस्तांतराचा करार झाला होता. पण तो खून, दरोडा, ठगी यांसारख्या गुन्ह्यांपुरता होता. राजकीय शत्रूला परत देण्याचे बंधन त्यात नव्हते. शरण आलेल्या स्त्रीला व मुलाला शत्रूच्या हाती देऊ नये, हा जुना राजधर्म त्या मोकळ्या जागेत उभा राहिला.

काठमांडूतील आयुष्य साधे आणि संकोचाचे होते. हिंदुस्थानात परतून इंग्रजांचे निवृत्तिवेतन घ्यावे, असा मार्ग त्यांना खुला करण्यात आला होता. तो त्यांनी नाकारला. गादी गेली, दागिने विकले गेले, बरोबरची माणसे पांगली. परंतु मुलाचा हक्क सोडल्याचा कागद त्यांनी लिहून दिला नाही. ७ एप्रिल १८७९ रोजी काठमांडूतच त्यांचे निधन झाले आणि तेथील जामा मशिदीच्या आवारात त्यांचे दफन झाले. बिरजिस कद्र पुढे कलकत्त्यास परतले आणि १८९३ मध्ये तेथेच वारले. लखनौचे दर्शन बेगमांना पुन्हा कधी घडले नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर बेचाळीस वर्षांनी, १९२१ मध्ये, राष्ट्रसंघाने नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन यांना निर्वासितांसाठी उच्चायुक्त नेमले आणि देश गमावलेल्या माणसालाही प्रवासाचा कागद मिळू लागला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या चौदाव्या कलमाने छळापासून बचावासाठी आश्रय मागण्याचा हक्क नोंदवला. २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हा येथे निर्वासितांविषयीचा करार झाला. ज्या भूमीत जिवाला वा स्वातंत्र्याला धोका आहे, तेथे निर्वासिताला परत ढकलू नये, हा नियम त्याच्या तेहेतिसाव्या कलमात आहे. घोर अपराध करणाऱ्यांना या कराराचे संरक्षण मिळत नाही, आणि लढवय्याने शस्त्र खाली ठेवल्यावरच तो आश्रित ठरतो. म्हणजे आजच्या न्यायासनासमोर बेगमांचा अर्ज सहज मंजूर झाला नसता. कैसरबागेतील कैद्यांविषयी त्यांना प्रश्न विचारले गेले असते. परंतु त्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले असते, पुरावे तपासले गेले असते, आणि निर्णय एका राजपुरुषाच्या मर्जीवर लटकला नसता. मेहेरबानी आणि हक्क यांतील अंतर ते हेच.

भारत आणि नेपाळ या दोघांनीही १९५१ च्या करारावर अद्याप स्वाक्षरी केलेली नाही. तिबेट, पूर्व बंगाल आणि श्रीलंका येथून आलेल्या लाखोंना भारताने थारा दिला, तो मुख्यतः परंपरेच्या व धोरणाच्या बळावर. १९९६ मध्ये अरुणाचलातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मात्र स्पष्ट केले, की घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताचे संरक्षण केवळ नागरिकांपुरते नाही, ते प्रत्येक व्यक्तीला आहे.

१९६२ च्या स्वातंत्र्यदिनी लखनौच्या हजरतगंजातील व्हिक्टोरिया पार्कला बेगम हजरत महल यांचे नाव देण्यात आले. १९८४ मध्ये भारतीय डाक विभागाने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ज्या राणीच्या जाहीरनाम्याला त्यांनी उत्तर दिले, तिचे नाव पुसून तेथे त्यांचे नाव कोरले गेले, याचे समाधान लखनौला आहे. थडगे मात्र काठमांडूतच आहे. ज्या भूमीने त्यांना परत पाठवले नाही, त्याच भूमीत.