आगळाच्या १२ बाटल्या, १६२० रुपये आणि भास्कराचार्य

गणपती आटोपून मुंबईला परत निघालेला चाकरमानी मिठबावच्या एखाद्या दुकानात कोकमाचं आगळ घेतोय, असं समजा. एका बाटलीचे १३५ रुपये, बाटल्या १२. तो मोबाईलचं लॉक उघडून कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत गल्ल्यावरची काकी १६२० सांगून मोकळी झालेली असते.

तिने काय केलं? दहा बाटल्यांचे १३५०. उरलेल्या दोनचे २७०. दोन्हींची बेरीज १६२०. विषय संपला.

शाळेत याच गोष्टीला वितरणाचा गुणधर्म म्हणतात आणि फळ्यावर अ(ब + क) = अब + अक असं लिहितात. तिथेच निम्म्या वर्गाचा चेहरा पडतो.

आता बाटलीचा भाव मी १३५ च का धरला ते सांगतो. १३५ गुणिले १२ हे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं गुणाकाराचं उदाहरण आहे. बारा हा आकडा सांगायला त्यांनी सूर्य या अर्थाचा शब्द वापरलाय, कारण आदित्य बारा.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४. वयाच्या ३६ व्या वर्षी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला, ही दोन्ही माहिती त्यांनी स्वतःच ग्रंथात देऊन ठेवली आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. गाव सह्याद्रीजवळचं विज्जडवीड. हे गाव नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. ‘लीलावती’ हा या ग्रंथाचा पहिला भाग, दुसरा ‘बीजगणित’, पुढचे दोन ग्रह आणि गोल यांच्यावर.

लीलावती म्हणजे त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडला आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त चुकला, ही गोष्ट तुमच्याही व्हॉट्सअपवर आली असेल. ती येते फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून. म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी! त्यांच्या ग्रंथात ही गोष्ट नाही.

ग्रंथात आहे ते जास्त कामाचं आहे. १३५ ला १२ ने गुणायचे एक सोडून अनेक मार्ग त्यांनी दिलेत. १२ चे ८ आणि ४ करा, १०८० आणि ५४० मिळवा. १२ मधून २ काढून १० ने गुणा आणि २७० नंतर मिळवा, म्हणजे आपल्या काकीचा मार्ग. किंवा उलटं जा, १२ मध्ये ८ घालून २० करा, २७०० मधून १०८० वजा करा. सगळीकडे उत्तर १६२० च. याला नाव खंडगुणन, म्हणजे तुकडे करून गुणणं. तुकडे कसे पाडायचे ते ज्याने त्याने सोयीने ठरवावं.

‘बीजगणिता’त अनोळखी संख्या येते. आपण जिथे क्ष लिहितो तिथे ते ‘यावत्तावत्’ म्हणतात, थोडक्यात ‘या’. तिथे ते नवा नियम मांडत बसत नाहीत. अंकांसाठी सांगितलेलं खंडगुणनच इथे वापरा, असं सांगतात. त्यांचं उदाहरण आपल्या भाषेत लिहिलं तर (५या − १)(३या + २). पहिल्या कंसातल्या प्रत्येक तुकड्याने दुसऱ्यातल्या प्रत्येक तुकड्याला गुणायचं. ५या चे १५या² आणि १०या, उणे १ चे उणे ३या आणि उणे २. एकत्र केलं की १५या² + ७या − २.

परीक्षेत (अ + ब)² चं उत्तर अ² + ब² लिहून मार्क घालवणारे आपण सगळेच. मीही त्यातलाच. चूक एवढीच की मधले दोन गुणाकार करायचे राहतात. बाटल्यांच्या भाषेत, काकीने २७० घ्यायचेच विसरले.

भास्कराचार्य शेवटपर्यंत लिहिते राहिलेले दिसतात. ‘करणकुतूहल’ हा पंचांगाच्या गणिताचा ग्रंथ ११८३ चा, तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेला, नातू चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी झाला. या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. १२०७ चा तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

या शिलालेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. शेवटी मात्र मजकूर मराठीत येतो आणि तो थेट बाजाराचा आहे. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाईकाकडून राजाला जो कर मिळायचा तो या मठाला लावून दिला होता. तेलाच्या घाण्यांकडूनही मठासाठी मापाने तेल यायचं.