समतोलाचा उपासक : फ्रेडरिक लँचेस्टर

भोवऱ्याची आर जराशी वाकडी बसली तर तो थरथरतो, भटकतो आणि लौकरच कलंडतो, हे आपण सर्वांनीच लहानपणी पाहिले आहे. मोटारीच्या इंजिनातही हेच घडते. फरक एवढाच की तेथे वेग फार मोठा असतो. मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या क्रँकशाफ्टवर, मध्यापासून १० सेंटिमीटर अंतरावर, अवघे १० ग्रॅम, म्हणजे एका तोळ्याहूनही कमी, वजन एका बाजूस अधिक राहिले तर ते त्या शाफ्टला सुमारे ४० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते. वेग निम्मा केला की हा जोर चतुर्थांश होतो. म्हणूनच वेगवान मोटारींची इंजिने बांधणारे कारागीर दट्टे व त्यांचे दांडे काट्यावर जोखून सारख्या वजनाचे करतात आणि क्रँकशाफ्ट फिरवून जेथे जड भरेल तेथील धातू काढून टाकतात. परंतु एवढे करूनही जे कंपन उरते, त्याचे काय करावे? या प्रश्नास ज्यांनी आपले आयुष्य वाहिले, त्या फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर या इंग्रज यंत्रज्ञाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

लँचेस्टर यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमधील लुईशॅम येथे झाला. वडील वास्तुशिल्पी होते. घरात आठ भावंडे. शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या दक्षिण केन्सिंग्टन भागातील विज्ञान विद्यालयात शिकले, परंतु पदवी न घेताच बाहेर पडले. १८८९ साली बर्मिंगहॅमजवळील एका गॅस-इंजिनांच्या कारखान्यात त्यांना साहाय्यक व्यवस्थापकाची जागा मिळाली. करारपत्रात असे एक कलम होते की नोकरीत असताना त्यांनी लावलेला प्रत्येक शोध कारखान्याच्या मालकीचा होईल. विशीतल्या या तरुणाने ते कलम खोडले आणि मगच सही केली. नोकरीची गरज असताना असे धैर्य दाखविणे सोपे नसते. आपल्या बुद्धीचे मोल ओळखणारा हा स्वभाव त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

१८९५ साली त्यांनी आपली पहिली मोटार तयार केली आणि पुढील वर्षी ती रस्त्यावर आणली. त्या काळच्या मोटारी म्हणजे घोडा काढून टाकलेल्या बग्ग्याच होत्या. इंजिन सुरू झाले की आसन, दिवे आणि बसणाऱ्याचे दातदेखील खडखडत. पुष्कळ जण यावर उपाय म्हणून सांगाडा अधिक जड करीत. लँचेस्टर यांना हे पटले नाही. जड सांगाड्याने कंपन झाकले जाते, नाहीसे होत नाही, हे त्यांनी जाणले. त्यांनी आपल्या इंजिनात एकाऐवजी दोन क्रँकशाफ्ट बसविले, प्रत्येकास स्वतंत्र फ्लायव्हील दिले आणि दोन्ही परस्परांच्या उलट दिशेने फिरतील अशी योजना केली. एक डावीकडे ढकलू लागला की दुसरा त्याच क्षणी तेवढ्याच जोराने उजवीकडे ढकली. दोघांचे भांडण तेथल्या तेथे मिटे आणि प्रवाशापर्यंत काहीच पोहोचत नसे. १८९७ सालच्या त्यांच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनातही हेच तत्त्व होते.

१८९९ च्या डिसेंबरात त्यांच्या नावाची मोटार कंपनी स्थापन झाली. गाड्या उत्तम होत्या, मागणीही भरपूर होती; परंतु भांडवल अपुरे पडले आणि १९०४ साली कंपनीचा कारभार धनकोंच्या वतीने चालविण्याची पाळी आली. १९०५ साली ती नव्या नावाने पुन्हा उभी राहिली खरी, तथापि लँचेस्टर यांचे तिच्यावरील स्वामित्व कमी कमी होत गेले. १९०९ साली ते डेमलर कंपनीचे सल्लागार झाले.

येथेच त्यांच्यापुढे दोन अवघड प्रश्न आले. पहिला सहा सिलिंडरांच्या इंजिनाचा. त्याचा लांब क्रँकशाफ्ट, ओले धोतर पिळावे तसा, प्रत्येक स्फोटाबरोबर किंचित पिळला जाई आणि पुन्हा सुटे. झोपाळ्यास नेमक्या वेळी झोके देत गेले की तो उंच उंच जातो. त्याप्रमाणे ठराविक वेगास हा पीळ वाढत जाऊन पोलादी शाफ्टही तुटे. लँचेस्टर यांनी शाफ्टच्या मोकळ्या टोकास एक लहान फ्लायव्हील बसविले, पण ते घट्ट जखडले नाही. मध्ये तेलात बुडालेल्या तबकड्या ठेवल्या. शाफ्ट थरथरू लागला तरी ते चक्र आपल्या संथ गतीने फिरत राही आणि तबकड्यांमधील घर्षण ती थरथर गिळून टाकी.

दुसरा प्रश्न चार सिलिंडरांच्या इंजिनाचा. त्यात दोन दट्टे वर जातात तेव्हा दोन खाली येतात. म्हणजे हिशेब चुकता व्हावयास हवा. परंतु दट्ट्याचा दांडा फिरताना तिरपा होतो, त्यामुळे वरच्या टोकाशी दट्ट्या जितक्या झपाट्याने वळतो तितक्या झपाट्याने तो खालच्या टोकाशी वळत नाही. त्यामुळे थोडी बाकी उरतेच, आणि ती प्रत्येक फेऱ्यात दोनदा इंजिनास वरखाली हलविते. दट्टे कितीही काटेकोर जोखले तरी ही बाकी फिटत नाही, कारण दोष वजनाचा नसून गतीचा आहे. लँचेस्टर यांनी इंजिनाखाली दोन लहान शाफ्ट बसविले. ते उलट दिशांनी, क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने फिरत, आणि प्रत्येकावर एका बाजूस जाणूनबुजून जादा वजन ठेवलेले असे. त्यांचे आडवे जोर एकमेकांत विरत आणि उभे जोर मिळून ती उरलेली बाकी फेडीत. असमतोलावर असमतोलाचेच औषध!

विमानाच्या पंखास उचल कशी मिळते, याविषयीचा त्यांचा निबंध १८९७ साली विद्वत्सभेने नाकारला होता. पुढे १९०७ व १९०८ साली त्यांनी त्या विषयावर दोन ग्रंथ प्रसिद्ध केले आणि १९२२ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मान मिळाला, पण धन मिळाले नाही. उतारवयात आर्थिक चणचण, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि त्यातच कंपवाताचा विकार, अशी संकटे त्यांच्यावर कोसळली. ज्यांनी यंत्राचे कंप शांत केले, त्यांचे स्वतःचे हात मात्र थरथरू लागले. ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅम येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

१९७५ साली जपानच्या मित्सुबिशी कंपनीने त्यांच्या जोडशाफ्टच्या तत्त्वात सुधारणा करून ते आपल्या इंजिनांत आणले. पुढे वेगवान मोटारींसाठी ख्यातनाम असलेल्या पोर्श कंपनीने आपल्या ९४४ या गाडीसाठी तिच्याकडून त्याचा परवाना घेतला. आज चार सिलिंडरांच्या कित्येक मोटारींत असे शाफ्ट फिरत असतात आणि आत बसलेल्यांस त्याची जाणीवही नसते.

या चरित्रातून आम्हांस एक गोष्ट विशेष शिकण्यासारखी वाटते. अडचण आली की तिच्यावर वजन टाकून ती दडपण्याचा मोह सर्वांनाच होतो. लँचेस्टर यांनी ती दडपली नाही. ती कोठून उगम पावते हे शोधले आणि तेथेच तिला उत्तर दिले. यश त्यांच्या पदरात फारसे पडले नाही, पण निश्चल चालणाऱ्या प्रत्येक इंजिनात त्यांच्या कष्टांचा अंश आहे, हे आपण विसरू नये.