लोकसेवेचे तीर्थ : श्री संत गाडगे महाराज

पंढरपूर, नाशिक आदी तीर्थक्षेत्री गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारणाऱ्या श्री संत गाडगे महाराजांचे अल्पचरित्र भाविकांच्या माहितीसाठी येथे देत आहोत.

महाराजांचा जन्म दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. दारूच्या व्यसनामुळे वडिलांचे अकाली निधन झाले व मातोश्री सखुबाई बाळाला घेऊन माहेरी दापुरे येथे आल्या. तेथे डेबूजींनी गुरे राखली, शेती कसली. राबणाऱ्याची जमीन कर्जापायी सावकाराच्या घशात कशी जाते, हे त्यांनी मामांच्या घरीच पाहिले. व्यसन, कर्ज व अज्ञान यांनी आलेले दारिद्र्य एकट्यादुकट्याच्या बळाने हटत नाही, अशी त्यांची खात्री पटली.

१९०५ साली त्यांनी घरदार सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा व मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार होता. ज्या गावी जात तेथील रस्ते आधी झाडीत व मगच भाकरी घेत. रात्री कीर्तनातून श्रोत्यांना प्रश्न विचारीत ऋण काढून सण, पशुबळी, मद्यपान व अस्पृश्यता यांवर प्रहार करीत आणि मुलांना शिकविण्याचा आग्रह धरीत.

त्यांच्या शब्दाखातर धनिकांनी धन दिले, निर्धनांनी श्रम दिले. त्यातून धर्मशाळा, घाट, अन्नसत्रे, विद्यार्थी वसतिगृहे उभी राहिली. मुंबईत रुग्णांच्या नातेवाईकांसाठीही निवारा झाला. विठ्ठलमंदिराची दारे ज्यांना बंद होती, त्या अस्पृश्य वारकऱ्यांसाठी पंढरपुरी चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ साली ती शिक्षणकार्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली. लाखो रुपये हातून गेले, परंतु महाराज अखेरपर्यंत गाडग्यातच जेवले. पंढरीस वर्षानुवर्षे जाऊनही ते मंदिरात न जाता वारकऱ्यांची सेवा करीत. भुकेल्यात देव पाहणाऱ्यास गाभारा वेगळा उरला नव्हता.

दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावनजीक प्रवासातच त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी अमरावती येथे आहे.

दान ही दात्याची मेहेरबानी नसून एकमेकांचे देणे आहे, हे या चरित्राचे सार होय. भाविकांनी देवापुढे ठेवलेली प्रत्येक पै कुणा भुकेल्याच्या ताटापर्यंत पोहोचावी, ही जबाबदारी देणाऱ्याची तशीच ती स्वीकारणाऱ्या विश्वस्तांचीही आहे, याचे स्मरण आम्हांस सदैव राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.